एकूण किती माणसं

शनिवार, १४ जून
मैल : ८४,२१७. हवा : उकाडा. काम : सुट्टी.

ही वही खात्याची आहे. काउंटीच्या रस्ते खात्यात एकोणीस वर्षं मी रोज असंच लिहीत आलोय. गाडी किती पळाली, हवा कशी होती, कोणती पाटी रंगवली आणि शेवटी शेरा. सुट्टीतही हात शिवशिवतो, म्हणून कपाटातली एक कोरी वही उचलून आणली. साहेबांना सांगितलेलं नाही.

माझं काम म्हणजे रस्त्याकडेच्या ऐतिहासिक पाट्या रंगवणं. धातूच्या ओतीव पाट्या, त्यावर उठावाची अक्षरं. इथे अमुक लढाई झाली, तिथे तमुक जन्मला. इतिहास मला विचारू नका. मी अक्षरं रंगवतो, वाचायला बसत नाही.

उद्यापासून दहा दिवस कोरीन, तिच्या दोन मुली आणि मी ओहायोतून पूर्वेला निघतोय. जुने किल्ले, रणांगणं, पूल वगैरे बघायला. ही कल्पना माझी नव्हे. कोरीनचा नवरा वेंडेल शाळेत इतिहास शिकवायचा. चार वर्षांपूर्वी हृदयविकाराने गेला. जाताना मागे रस्त्यांच्या नकाशाचं एक जाडजूड पुस्तक ठेवून गेला आणि त्यात लाल पेन्सिलीने गोल काढून ठेवलेत. पोरी मोठ्या झाल्या की ही सगळी ठिकाणं दाखवायची, असं त्याच्या मनात होतं. आता ती मी दाखवणार. म्हणजे गाडी मी चालवणार.

खरी गोष्ट लिहूनच टाकतो. सप्टेंबरात कोरीनचं आणि माझं लग्न ठरलंय, पण त्याला एक अट आहे.

"हॅटीला मी शब्द दिलाय, रॉयस," कोरीन म्हणाली. "दहा दिवस ती तुला बघेल. घरी आलो की मी तिला विचारीन. ती नको म्हणाली तर सप्टेंबर नाही."

"मग कधी?"

"ती शाळा संपवून बाहेर पडेल तेव्हा."

हॅटी बारा वर्षांची आहे आणि मी सेहेचाळीस. हिशेब करायला घेतला आणि मध्येच सोडून दिला.

धाकटी जूनी सात वर्षांची. ती मला रॉयस म्हणते, माझ्या खांद्यावर चढते, माझ्या ताटातले बटाटे पळवते. हॅटी मला मिस्टर टॅकेट म्हणते. दीड वर्ष झालं, मिस्टर टॅकेट. शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोलावं तसं, अगदी नम्रपणे. त्यापेक्षा शिव्या परवडल्या.

रविवार, १५ जून
मैल : ८४,२६३. हवा : स्वच्छ.

आमच्या झेन्सव्हिलच्या पुलाला तीन तोंडं आहेत. परगावच्या माणसाला पत्ता सांगताना 'पुलाच्या मध्यावर जा आणि डावीकडे वळा' म्हटलं की तो आपल्याला वेड्यात काढतो. आज आम्हीच मध्यावर जाऊन वळलो आणि जूनी ओरडली, "सहल सुरू!"

मागची सीट तिघांची आहे. दोन खिडक्यांशी दोघी आणि मधे ते नकाशाचं पुस्तक. हॅटीने त्याला पट्टासुद्धा लावला. मी म्हटलं, पुढे दे, कोरीन बघेल. "नको. त्याची जागा ही आहे," म्हणाली. मुलगी फार टापटिपीची आहे. मला आवडलं.

पहिला लाल गोल एका जुन्या टोलनाक्यावर होता. आता तिथे दोन खोल्यांचं संग्रहालय आहे. दारात स्टुलावर पाहुण्यांची वही. नाव, गाव, राज्य आणि शेवटच्या रकान्यात 'एकूण किती माणसं'. हॅटीने पेन उचललं. नाव, गाव, राज्य सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि शेवटच्या रकान्यात ठसठशीत आकडा घातला : ४.

मी दोनदा वाचलं. कोरीन, हॅटी, जूनी आणि मी. चार! तिने मला धरलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं, आपण होऊन. माझ्यासारख्या अक्षरं न वाचणाऱ्या माणसाला एक आकडा इतका गोड लागेल असं कधी वाटलं नव्हतं. बाहेर पडताच सगळ्यांना दोन दोन गोळ्यांचं आइस्क्रीम घेतलं.

"हे कशाबद्दल, मिस्टर टॅकेट?" हॅटीने विचारलं.

"असंच."

"जेवायच्या आधी?"

"जेवायच्या आधी."

तिने आईकडे पाहिलं. कोरीनने खांदे उडवले. खाताना मी शीळ घालत होतो, असं जूनीचं म्हणणं आहे.

शेरा : उत्तम सुरुवात.

सोमवार, १६ जून
मैल : ८४,३२९. हवा : वारा.

काल उशिरा व्हीलिंगला पोचलो. सकाळी ओहायो नदीवरचा झुलता पूल चालत पार केला. मी वाकून पुलाच्या तारेच्या दोरखंडांवरचा रंग बघत होतो, तेवढ्यात मागून हॅटी म्हणाली, "हा १८४९ सालचा आहे, मिस्टर टॅकेट. तेव्हा जगातला सगळ्यात लांब होता."

"हाच?"

"हाच म्हणजे... पाच वर्षांनी वादळात पडला. मग पुन्हा बांधला."

बोलणं चालू राहावं म्हणून मी आपलं विचारलं, "पुन्हा बांधला तर तोच पूल म्हणायचा का गं?"

ती थांबली. नदीकडे बघत बराच वेळ विचार करत राहिली. "जागा तीच आहे," शेवटी म्हणाली. "पण तोच नाही. तोच आहे असं कोणी म्हटलं तर मला राग येईल." थोडं चालून गेल्यावर पुन्हा वळली. "वाईट आहे असं नाही म्हणत मी. नदी तर ओलांडता येतेच."

पुलांबद्दल इतका विचार करणारी मुलगी मी पाहिली नाही. मोठेपणी इंजिनिअर व्हायची.

दुपारी मी सात पाट्यांपाशी गाडी थांबवली. सहा पाट्यांचे पोपडे निघालेत. सातवीचा रंग एका हातात उरकलेला. दुसरा हात मारलाच नाही, उन्हात चटकन कळतं. कोरीन म्हणाली, "रॉयस, आणखी एकदा थांबलास तर मी तुलाच रंगवीन."

बुधवार, १८ जून
मैल : ८४,४१२. हवा : दमट.

आज फोर्ट नेसेसिटी. तरुण वॉशिंग्टन इथे लढला आणि हरला. जूनीने आल्या आल्या निकाल दिला, "हा किल्ला? आमच्या शेजारच्यांचं कुत्र्याचं कुंपण याच्यापेक्षा मोठं आहे." खरंच एवढासा आहे. गोल लाकडी खांब आणि भोवती गवत.

नकाशाच्या पुस्तकात या गोलाशेजारी वेंडेलने लिहिलंय : 'हॅटीला सांगणे, चिखल.' मला काही बोध होईना. हॅटीला विचारलं.

"त्या दिवशी पाऊस पडला," ती म्हणाली. "खंदकात पाणी भरलं, बंदुकीची दारू भिजली. डॅड म्हणायचे, पुस्तकात सेनापतींची नावं असतात, चिखल कोणी लिहीत नाही."

डॅड हा शब्द ती माझ्यापुढे पहिल्यांदाच बोलली. बोलून गेल्यावर तिच्याही लक्षात आलं. ती भराभर पुढे निघून गेली.

यानंतरचं लिहायला नको वाटतंय, पण शेऱ्याच्या रकान्यात खोटं लिहायची मला सवय नाही.

दुपारी रस्त्यावरच्या एका जुन्या खानावळीत शिरलो. तिचंही आता संग्रहालय झालंय. पुन्हा वही, पुन्हा हॅटीच्या हातचा ४. दोघी मायलेकी आत गेल्या. मी आणि जूनी बाकावर बसलो होतो. मी लाडात येऊन बोटं मोजली, "चार, बरं का जूनी! आई, हॅटी, तू आणि..."

"आणि डॅडी," जूनी म्हणाली.

"कोण?"

"डॅडी. हॅटी नेहमी चारच लिहिते. मागच्या वर्षी कोलंबसला गेलो तेव्हापण लिहिलं. त्याच्या आदल्या वर्षीपण."

"आणि मी?"

ती खरंच विचारात पडली. "तू ड्रायव्हर आहेस ना," ती म्हणाली. मग माझा पडलेला चेहरा पाहून माझ्या हातावर थोपटलं, "चांगला ड्रायव्हर. हॅटीला सांगू नकोस हं, गुपित आहे."

मी शब्द दिला. आइस्क्रीमची आठवण झाली आणि कान गरम झाले. एक पोरगी मेलेल्या बापाला धरून माणसं मोजते आणि हा गृहस्थ शीळ घालतो.

शेरा : नाही.

गुरुवार, १९ जून
मैल : ८४,५०६. हवा : कडक ऊन.

अँटिटमचं रणांगण. मी आत गेलो नाही. गाडीतच बसलो.

कोरीनला गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. खरं कारण इथे लिहितो. वेंडेल धरून पाच जणांनी आत जायचं आणि वहीत चार लिहायचं, हे मला पटेना. हॅटीने मुद्दाम खोटं लिहिलेलं नाही. तिच्या लेखी चारच आहेत. मग आकडा चुकवतोय कोण? मीच. माझ्या धंद्यात एक आकडा चुकीचा ओतला गेला तर ती पाटी शंभर वर्षं रस्त्यावर उभी राहून खोटं बोलते. मी बाहेर थांबलो की पोरीचा आकडा बरोबर येतो. इतकं सोपं आहे.

सोपं आहे, पण गाडीत फार उकडतं. काचेतून त्या तिघी टेकडीवर चढताना दिसत होत्या. हॅटीने नकाशाचं पुस्तक छातीशी धरलं होतं. पूर्वी कळलं नव्हतं, ते आता कळलं. सीटवर तो पट्टा कोणासाठी लावलेला असतो तेही.

रागच येत नाही. यायला हवा होता, पण कोणावर येणार? तो माणूस मला आवडायला लागलाय. चिखलाचं कोण लिहितं?

शुक्रवार, २० जून
मैल : ८४,५२९.

हार्पर्स फेरी, पुढचा लाल गोल. बाहेरच थांबलो. दोन नद्या मिळतात तिथे छान वारा होता. सँडविच.

शनिवार, २१ जून
मैल : तेवढेच. काम : कपडे धुणं.

मोटेलच्या धुलाईखोलीत कोरीनने मला गाठलं. पोरी पोहायच्या तलावात होत्या. यंत्राचं दार तिने असं आपटलं की मी टॉवेलची घडी सोडली.

"कुठला गुडघा?"

"अं?"

"कुठला गुडघा दुखतो तुझा? सोमवारी पुलावर उड्या मारत होतास."

"उड्या नाही मारल्या."

"रॉयस, तुला नको असेल तर सरळ सांग. ही पोरगी तुला बघायला आलीय आणि तू गाडीत लपून बसतोस! काल तिने मला विचारलं, मिस्टर टॅकेटना आपल्याबरोबर यायला आवडत नाही का? काय सांगू मी तिला?"

मी तिच्यासाठी बाहेर बसलो आणि तिला वाटतंय मला ती नकोय. पण जूनीला शब्द दिलेला. सात वर्षांच्या मुलीला दिलेला शब्द तिच्या आईसाठी मोडायचा का? मी म्हटलं, "कोरीन, माझ्यावर विश्वास ठेव, मला हे सगळं हवंय. फार हवंय."

"मग आत ये ना!"

"आत येण्याचाच प्रश्न आहे."

"हे काय उत्तर झालं?" तिचे डोळे भरून आले होते. "उद्या गेटीसबर्ग, परवा तो शेवटचा गोल, मग घर. तोवर तुझा गुडघा बरा झाला नाही, तर मला हॅटीला काही विचारायचीच गरज नाही."

ती ओले कपडे तसेच टाकून गेली. मी वाळवले, घड्या केल्या. हॅटीच्या एका सदऱ्यावर लाल पेन्सिलीचा डाग आहे. तो काही निघाला नाही.

रविवार, २२ जून
मैल : ८४,५९८. हवा : ढग.

गेटीसबर्ग. रणांगणाच्या संग्रहालयाच्या दाराशी गेलो होतो, खरंच गेलो होतो. मग हॅटीच्या काखेत ते पुस्तक दिसलं आणि पाय मागे वळले. कोरीनने मागे पाहिलंसुद्धा नाही.

अर्ध्या तासाने हॅटी एकटीच बाहेर आली. तिच्या हातात लिंबू सरबताचे दोन पेले होते. गाडीच्या मागच्या फळीवर माझ्याशेजारी बसली. मधे एक माणूस मावेल इतकी जागा सोडून.

"कुठला गुडघा दुखतो, मिस्टर टॅकेट?"

"डावा."

"काल उजवा चोळत होतात."

मी सरबत प्यायलो.

"जूनी कधी कधी काहीही बोलते," ती म्हणाली.

"मला काही बोललेली नाही."

"तुम्हाला खोटं अजिबात बोलता येत नाही."

मग तिने विचारलं, समोरच्या पाटीचा रंग कसा आहे? मी सांगितलं, चांगला आहे, दोन हात मारलेत, कडा स्वच्छ आहेत, ज्याने केलाय त्याने सावकाश केलाय. तिने मान हलवली, रिकामे पेले एकात एक घातले आणि निघून गेली.

झालं. खोटारडाही ठरलो. उद्याचा एकच दिवस राहिला.

सोमवार, २३ जून
मैल : ८४,६४१. हवा : स्वच्छ. काम : पाटी एक, पहिला हात.

शेवटचा गोल होता कोल्ड फोर्क नावाच्या वस्तीवर. दहाबारा घरं, मक्याची शेतं आणि एक जुनी एकखोली शाळा. किल्ला नाही, रणांगण नाही. कोरीन म्हणाली, वेंडेलची पेन्सिल घसरली असेल. पण गोलाशेजारी त्याचं अक्षर होतं : 'हॅटी, मोज.'

"काय मोजायचं?" जूनी म्हणाली. "मका?"

हॅटी रडकुंडीला आली होती. चार वर्षं ती या शेवटच्या गोलाची वाट बघत होती. वस्तीला दोन फेऱ्या मारल्या आणि मग मला ती दिसली. मला दिसणारच. शाळेसमोर वेलीत बुडालेली पाटी. वेल ओढून काढली. रंग म्हणून उरलेला नव्हता. धातू आणि अक्षरं एकाच राखाडी रंगाची, डोळ्यांनी वाचता येईना.

"बोटाने वाच," मी हॅटीला म्हटलं. "डोळे मिट. अक्षरं उठावाची आहेत."

तिने डोळे मिटले. एकेक ओळ चाचपत वाचत गेली. इथे गिडियन यांची खानावळ होती. १८३६ च्या फेब्रुवारीत घोड्यांच्या टपालगाडीचे प्रवासी बर्फात अडकून नऊ दिवस इथे राहिले. शेवटच्या ओळीवर तिचं बोट थांबलं, मागे गेलं, पुन्हा पुढे आलं.

"अकरा आले, बारा गेले. हे चुकलंय. अकरा आले तर अकराच जाणार."

"ओतीव आकडा आहे," मी म्हटलं. "साचा करताना चारदा तपासतात. चुकत नाही."

"चुकलेलं नाहीच मुळी!" शाळेच्या पायरीवरून आवाज आला. ऐंशीच्या पुढची एक बाई हातात झाडू घेऊन उभी होती. मिसेस ड्रेशर. या शाळेचं संग्रहालय तीच सांभाळते. "नऊ दिवसांत एका बाईला मूल झालं. खानावळवाल्याच्या वहीत तसंच लिहिलंय. आले किती, तर अकरा. गेले किती, तर बारा. मागे एक मास्तर यायचे ओहायोहून, त्यांना ही ओळ फार आवडायची. म्हणायचे, कुणी मेल्याशिवाय आकडा बदललाय असं इतिहासात फार कमी वेळा होतं."

कोरीनने हॅटीच्या खांद्यावर हात ठेवला.

"वेंडेल," मग ती म्हणाली. "माझा नवरा."

"होय, वेंडेलच," मिसेस ड्रेशर म्हणाली. "बऱ्याच दिवसांत आले नाहीत." मग तिने आमचे चेहरे पाहिले आणि पुढचं विचारलं नाही.

मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी कामाचं बोललो. "बाई, ही पाटी मी रंगवून देऊ? सामान गाडीत आहे. परवानगी कोणाची लागेल?"

"इतिहास मंडळाची."

"मंडळात कोण कोण असतं?"

"अध्यक्ष मी, सचिव मी. तिसरा एक सभासद आहे, त्याला ऐकू येत नाही. रंगव, पोरा."

तारेच्या ब्रशने घासून, पुसून, दुपारभर खपून तपकिरी रंगाचा हात मारला. पोरी माझ्याशेजारी बसल्या होत्या. जूनी प्रश्न विचारत होती, हॅटी विचारत नव्हती, नुसती माझ्या हाताकडे बघत होती. अक्षरं उद्या. खालचा रंग पुरता वाळल्याशिवाय वरचा लावायचा नसतो. नाहीतर खालचा दाबला जातो आणि दोन्ही बिघडतात. हे मी हॅटीला सांगितलं.

"किती वेळ लागतो?" तिने विचारलं.

"लागेल तेवढा. मला घाई नाही."

ती म्हणाली, "ठीक आहे." आणि का कोण जाणे, हसली.

मंगळवार, २४ जून
मैल : ८४,६४१. अजून निघालो नाही, गाडीच्या मागच्या फळीवर बसून लिहितोय. हवा : छान.

सकाळी अक्षरांचं काम. छोटा कडक रोलर, त्यावर अगदी थोडा सोनेरी रंग. अक्षरांच्या डोक्यावरून हलकेच फिरवायचा, म्हणजे रंग वरच राहतो, खाचेत उतरत नाही. वरच्या ओळी मी केल्या. शेवटच्या ओळीपाशी आलो आणि रोलर हॅटीच्या हातात दिला.

"मी बिघडवीन."

"हात हलका ठेव. जोर लावायचा नाही, रोलरला त्याचा त्याचा चालू दे."

तिने जीभ दातांत धरून ती ओळ रंगवली. 'अकरा आले' नीट आलं. 'बारा' वर पोचल्यावर तिने रोलर आणखी हळू केला आणि कडा स्वच्छ आली. मला काढून दाखवता येणार नाही इतकी. कोरीन रस्त्याच्या पलीकडे उभी राहून बघत होती. गुडघ्याचं काही बोलली नाही.

मग मिसेस ड्रेशरने सगळ्यांना शाळेत बोलावलं. अख्ख्या सहलीत शेवटची वही. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मला ब्रश धुवायचेत. नळ शाळेच्या मागे होता. उघड्या खिडकीतून आतलं सगळं ऐकू येत होतं. वहीवर पेन चालल्याचा आवाज आला आणि थांबला. मग खिडकीत हॅटीचं डोकं.

"रॉयस."

माझ्या हातातला ब्रश पाण्यात पडला.

"रॉयस, आत ये."

"ब्रश धुतोय गं. वाळले की वाया..."

"ब्रश राहू दे. तुझ्या आडनावात शेवटी टी एक की दोन?"

"दोन."

"मग ये आणि बघ, बरोबर लिहिलंय का. आणि तुझ्या नाकाला सोनेरी रंग लागलाय."

मी आत गेलो. लहान मुलांची बाकं, फळा, खिडकीशी वही. एका ओळीत चार नावं, हॅटीच्या सुवाच्य अक्षरात. शेवटचं माझं, दोन टी असलेलं. त्यापुढे गाव, राज्य. आणि शेवटच्या रकान्यात ५.

मिसेस ड्रेशरने चष्म्यावरून आम्हाला मोजलं. कोरीन, जूनी, हॅटी, मी. पुन्हा मोजलं. "बाळा, तुम्ही तर चौघंच आहात."

"पाच आहोत," हॅटी म्हणाली. "एक जण गाडीत आहे."

मी खिडकीबाहेर पाहिलं. गाडी उन्हात उभी होती. मागच्या सीटवर मधोमध ते पुस्तक, पट्टा लावलेलं.

कोरीन फळ्याकडे तोंड करून उभी राहिली. मग माझा हात धरून हळूच म्हणाली, "घरी गेल्यावर मी तिला विचारणार होते."

"विचारू नकोस," मी म्हटलं.

आता तिघी गाडीत बसल्यात. जूनी हॉर्न वाजवतेय. एकच रकाना भरायचा राहिलाय.

शेरा : आकडा तपासला. बरोबर आहे.